नानांचं हरिकेन

आमच्या शेजारच्या नानांसमोर ‘स्पिटफायर’ हा शब्द काढायचा नाही. काढलात तर समोरचा चहाचा कप अर्धा असतानाच उचलला जातो. माझा तीनदा गेलाय.

नानांचं नवी पेठेत चादरींचं दुकान. वय सत्तर, विमानात कधी पाऊल टाकलेलं नाही. पण दुसऱ्या महायुद्धातली इंग्रजांची लढाऊ विमानं तोंडपाठ, आणि जीव फक्त हरिकेनवर. स्पिटफायर हे त्याच्याच जोडीचं, दिसायला देखणं विमान. “हवाई दलात आधी कोण आलं? हरिकेन. इंग्लंडवरच्या हवाई लढाईत जास्त विमानं कुणी पाडली? हरिकेननं. आन् नाव कुणाचं झालं? त्या नटवीचं!”

हरिकेनच्या मागच्या अंगाला कापड असायचं, हे कळल्यापासून तर ते त्यांच्या घरचंच झालं. गिऱ्हाईक चादर चाचपायला लागलं की सुरू. “कापडाला हलकं समजू नका. गोळी आरपार गेली तरी ठिगळ लावून परत उडायचं.” गिऱ्हाईक घासाघीस करायचं विसरतं.

घरात दोघंच, नाना आणि त्यांची नव्वदीतली आई. आईंना आता दिसत नाही. धाकटा भाऊ सुधाकर परदेशात मोठा इंजिनियर आहे. पेठेत जो भेटेल तो नानांना आधी विचारतो, “सुधाकर काय म्हणतोय?” नानांचा चेहरा तेव्हा बघावा.

पण खरं सांगू? मीही नानांवर जळतो. शाळेत तीस वर्षं इतिहास मी शिकवला, आणि परवा बायको मलाच म्हणते, “अहो, महायुद्धाचं नानांना विचारा की. ते छान सांगतात.” अंगाचा तिळपापड झाला. दोन पुस्तकं चाळली आणि दुपारी जेवणाच्या वेळेलाच त्यांच्या घरी जाऊन बसलो.

नानांनी चहा करून आणला. म्हटलं, “नाना, तुमच्या हरिकेननं पाडलेले जर्मन वैमानिकसुद्धा सांगायचे म्हणे, आम्हाला स्पिटफायरनं पाडलं.”

वाटलं, आता कप गेला. पण नानांनी कपाला हातसुद्धा लावला नाही.

“ठाऊक हाय मला,” म्हणाले.

तेवढ्यात आतून आईंची हाक आली. नानांनी दुधात भाकरी कुस्करली आणि आत जाऊन घास भरवायला बसले. दार उघडंच होतं. आईंनी त्यांचा हात चाचपला.

“सुधा, तूच व्हय रे? रोज येतोस बाबा. थोरल्याला कुटं सवड असती माझ्यासाठी.”

नानांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

“व्हय आई, सुधाच हाय. आ कर.”

दोन घास गेले. तिसरा हातात धरून नाना म्हणाले,

“थोरला बी चांगला हाय की, आई.”

“असंल,” आई म्हणाल्या आणि तोंड उघडलं.