कॅप्टनच्या बंदुकीचं तेल

किल्ली कुलपात गेली, पण फिरेना. कॅप्टननी ती बाहेर काढली, बनियनला पुसली, फुंकर मारून पुन्हा घातली. किल्ली ढिम्म हलली नाही.

कॅप्टन सैन्यात कधीच नव्हते. ते बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहत, आणि मिशा भरघोस असल्यामुळे गल्लीने त्यांना ही बढती परस्पर देऊन टाकली होती. बावीस वर्षांत त्या बंदुकीतून एकही गोळी सुटली नव्हती. पण बंदूक स्वतःची, परवाना स्वतःचा, आणि दोन्ही असतील तरच नोकरी. मागच्या तपासणीत ठाण्यातल्या साहेबांना नळीवर मुगाच्या दाण्याएवढा गंज दिसला होता. "पुढच्या वर्षी डाग दिसला, तर परवाना विसरा," असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. ते पुढचं वर्ष आज उजाडलं होतं. संध्याकाळी पाचच्या आत बंदूक दाखवायची होती.

बँकेच्या इमारतीची दुरुस्ती निघाल्यामुळे कॅप्टन चार महिने घरी होते. सुट्टी लागली त्याच दिवशी त्यांनी बंदुकीला असं तेल चोळलं, की तेवढे लाड पोटच्या मुलांचेही केले नव्हते. मग ती जाड कापडी पिशवीत घालून, खास करून घेतलेल्या लाकडी कपाटात उभी केली. काडतुसं बँकेच्या तिजोरीत होती, त्यामुळे ती काळजी नव्हती. काळजी फक्त गंजाची. "एकदा तेल लावलं, की हवा लागू द्यायची नाही," असं म्हणून त्यांनी कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. घरात तेलाची बाटली एकच, बायकोच्या शिलाई मशीनची. तीही त्यांनी आत ठेवली होती.

"आणि माझ्या मशीनला?" बायकोने विचारलं होतं. ती शाळेचे गणवेश शिवून द्यायची.

"बघू. पण या कपाटाला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. कायदा आहे तसा."

त्या 'बघू'ला चार महिने झाले. कपाट न्हाणीघराच्या भिंतीला टेकलेलं. ओल लागून कुलूप विटेसारखं लाल झालं होतं. सगळं तेल बंदुकीला. कुलपालाही दोन थेंब लागतात, हे कॅप्टनच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अगं, तेल कुठाय?"

"कपाटात," बायको म्हणाली. तिची मशीन सुरूच होती.

"परवान्याचा कागद?"

"तोही कपाटात. तुम्हीच ठेवलात."

कॅप्टननी कुलूपवाल्याला बोलावलं. त्याने कुलूप पाहिलं, हत्यारं मांडली आणि सहज विचारलं, "आत काय दागिने आहेत का?"

"बंदूक आहे."

कुलूपवाल्याने हत्यारं पुन्हा पिशवीत भरली. "ठाण्यातून चिठ्ठी आणा, मग बोलवा."

ठाण्यात फोन लावला. तिकडचा हवालदार म्हणाला, "देतो की चिठ्ठी. परवाना घेऊन या."

दुपारी मेहुणा आला. त्याला सगळ्यातलं सगळं कळायचं. "स्वयंपाकाचं तेल सोडा दाजी, आत्ता सुटेल," म्हणत त्याने अर्धी वाटी कुलपावर ओतली. कुलपाने एक थेंब घेतला नाही, सगळं फरशीवर आलं आणि त्यावरून घसरून कॅप्टनही आले. कंबर चोळत ते उठेपर्यंत मेहुण्याने करवत आणली होती. पहिलं पातं मोडलं. दुसरंही मोडलं.

"कडीचे स्क्रूच काढू ना!"

"ते आतून बसवलेत," कॅप्टन पडेल आवाजात म्हणाले. "चोराला सापडू नयेत म्हणून."

मेहुण्याने हात टेकले आणि चहा मागितला. घड्याळात सव्वाचार. कॅप्टन फरशीवरच बसले. बावीस वर्षांची नोकरी एका कुलपापायी चालली होती, आणि त्यांना खरोखरच रडू येत होतं. शेजारच्या खोलीत मशीन एका लयीत चालली होती. मग ती थांबली.

बायको शेवटचा गणवेश घडी करून आली. "अहो, जरा सरका." तिने कपाटाची एक बाजू धरून ते भिंतीपासून हातभर ओढलं, मशीनचा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मागच्या फळीचे चार स्क्रू दोन मिनिटांत मोकळे केले. ते लोण्यातून यावेत तसे आले.

"हे... हे तुला कसं माहीत?"

"चार महिने मशीन करकरली का एकदा तरी?"

फळी बाजूला झाली, तशी बंदूक दिसली. ती पिशवीत नव्हती. पिशवी खाली घडी घालून ठेवलेली होती.

पाचला सात मिनिटं कमी असताना साहेबांनी नळीवरून बोट फिरवलं, आत डोकावून पाहिलं आणि मान डोलावली. "या वर्षी अशी बंदूक दुसरी नाही आली. लोक जाड पिशवीत कोंबतात, कापड ओल धरतं आणि तेल लावूनही गंज चढतो. तुम्ही उघडी ठेवलीत आणि मधून मधून हात फिरवलात. बरोबर?"

"हो साहेब... हात फिरत होता," कॅप्टन म्हणाले.

"आणि कुलूपबंद? किल्ली कोणाकडे?"

कॅप्टननी गळ्यातला दोरा वर काढून दाखवला. साहेबांनी शेरा मारला: शस्त्र उत्तम स्थितीत, बंदोबस्त चोख.

घरी येताना कॅप्टननी नवं कुलूप घेतलं आणि मशीनच्या तेलाच्या दोन बाटल्या घेतल्या. एक बाटली त्यांनी बायकोपुढे ठेवली. मग मिशा कुरवाळत म्हणाले, "पिशवीतून तूच काढलीस ना?"

"ओली लागली हाताला. पुसली, तेल लावलं, उभी केली. दर पंधरा दिवसांनी. माझ्या मशीनला घालायचं, ते तिलाही."

कायदा कितीही बजावला असला, तरी नवी किल्ली कॅप्टननी गळ्यातून काढली आणि तिच्यापुढे धरली. "ही आजपासून तुझ्याकडे."

बायको सुईत दोरा ओवत होती. तिने मानही वर केली नाही.

"मला काय करायचीय? ठेवा तुमच्याकडेच. साहेबांना दाखवायला लागते."