राणीच्या काळचं मलम आणि माझा गुडघा

गुडघा दुखत होता, म्हणून मी मलम लावायचं ठरवलं. एवढंच. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. (बायकोला कळलंय.)

आमच्या हिला जुन्या मलमाच्या डब्या जमवायचा नाद आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, चिनी मातीच्या, मुठीत मावणाऱ्या. झाकणावरचा मजकूर वाचत राहावा असा: भाजणं, गळू, संधिवात, टक्कल, सगळ्यावर एकच मलम. भंगाराच्या ढिगातून ही नेमकी डबी उचलते आणि नुसता अंगठा फिरवून खरी की नकली ते सांगते. मी विमा कंपनीत कारकून. समोर बसलेला माणूस खरं बोलतोय की खोटं, तेसुद्धा मला ओळखता येत नाही. त्यामुळे मला तिचं भारी कौतुक.

त्या दिवशी तिनं बाजारातून आणलेली डबी टेबलावर ठेवली आणि ती आत गेली. मी चष्म्याशिवायच झाकण उघडलं. आत तपकिरी मलम. म्हटलं, बिचारीनं माझ्यासाठी आणलं. डोळे भरून आले. (ते वासानं, हे नंतर समजलं.) सगळं खरवडून गुडघ्याला चोळलं आणि डबी साबणानं लख्ख घासून ठेवली.

तेवढ्यात केमिस्टकाका आले. दुकान मुलाकडे सोपवून तेही डब्याच जमवतात.

"वहिनी, कुठंय ती? मलमासकट डबी मी जन्मात पाहिली नाही."

हिनं झाकण उघडलं. आधी डबीत पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, यातलं मलम?"

"लावलं. बराच आराम वाटतोय."

तिनं डबी उलटी करून तळहातावर ठोकून पाहिली. काकांनी मात्र खाली बसून माझा पायजमा वर सरकवला आणि खिशातून भिंग काढलं.

"वा. अस्सल माल. मेण अजून शाबूत आहे बघा."

हीही वाकली. चेहरा हळूहळू उजळला. "लवंगेचा वास येतोय ना?"

"येतोय. शिसंही असेल. तेव्हा सर्रास घालायचे."

"शिसं?" मी विचारलं.

"हलू नका," दोघं एकदम म्हणाली.

मग हिनं लोण्याची सुरी आणली आणि माझ्या गुडघ्यावरचं मलम कणाकणानं डबीत परत भरलं. काय तो हात, काय ती एकाग्रता. इतक्या हळुवारपणे तिनं मला कधी धरलेलं आठवत नाही.

पुढं जुन्या डब्यांच्या प्रदर्शनात त्या डबीभोवती भलतीच गर्दी. मी अभिमानानं शेजारीच उभा होतो. एका बाईंनी वाकून पाहिलं.

"आत केस दिसताहेत हो."

"ते नंतरचे आहेत," ही शांतपणे म्हणाली. "कुठल्यातरी पाळीव जनावराचे."