‘सिल्व्हर हेरॉन’मधली काचेजवळची खुर्ची

“मिसेस नोवाकोव्स्की, आवडत्या वस्तूवर बसायचं नसतं,” आमचे अध्यक्ष मिस्टर हार्लन क्विगस्टाड यांनी मला चिटणीसपदाच्या पहिल्याच दिवशी बजावलं. किती खरं आहे! माणूस ज्यावर बसतो, त्याची किंमत राहत नाही. घोडा आणि सासऱ्याची मोटार ही उदाहरणं त्यांनीच दिली.

आमचं इलिनॉयमधलं मंडळ जुन्या चंदेरी रेल्वेगाड्यांच्या शेवटच्या डब्यांवर प्रेम करतं. गोल शेपटीचा, काचांचा तो डबा. त्यात बसून मागे पळणारे रूळ बघायचे, एवढ्यासाठीच बांधलेला. दरवर्षी आम्ही सर्वांत आवडत्या डब्यासाठी मतदान घेतो. एकेचाळीस सभासदांची त्रेपन्न मतं पडतात (भक्तीला मोजमाप नसतं). नऊ वर्षं ‘सिल्व्हर हेरॉन’च निवडून येतोय, कारण तो आमच्याच आवारात उभा आहे.

मंडळाच्या अस्सलपणा समितीचे नियम कडक आहेत. दोरीपलीकडे पाय टाकू नये. काचेजवळ श्वास सोडू नये (घेण्यास हरकत नाही). त्यामुळे डबा आजही असा दिसतो, की त्यातून कधी कुणी गेलंच नसावं.

मार्चमध्ये मिस्टर ल्यूथर अॅम्सबरींचा अर्ज आला. वय चौऱ्याऐंशी. याच डब्यात ते अकरा वर्षं गोऱ्या उतारूंच्या दिमतीला होते. उतारू त्यांना ‘जॉर्ज’ म्हणत. सगळ्याच काळ्या सेवकांना म्हणत (नावं लक्षात ठेवण्याचा त्रास वाचे). ईस्टरआधी मुलगी त्यांना कायमची अलाबामाला नेणार होती. त्यापूर्वी मागच्या काचेशी एकदा बसायचं, एवढंच मागणं.

“बाई, त्या खुर्च्यांच्या गाद्या अकरा वर्षं मी झटकल्या,” ते मला म्हणाले. “मऊ आहेत, हे हातांना ठाऊक आहे. उरलेल्या अंगालाही कळू दे की!”

“बसवते तुम्हाला,” मी शब्द दिला.

समितीने तीन बैठकांत सखोल विचार केला.

“तेव्हा ते बसायचे का?” अध्यक्षांनी विचारलं.

“बसू देत नव्हते,” मी सांगितलं.

“झालं तर! आता बसले तर अस्सलपणाचं काय? उभं राहायला आमची कधीच हरकत नव्हती. दोन तास राहू द्या, हवं तर!”

ठराव एकमताने संमत झाला (चिटणिसाला मत नसतं).

ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत मी दरवर्षी एक आवडती गोष्ट सोडते. यंदा अध्यक्षांना उलट बोलणं सोडलं होतं, म्हणून ठराव इतिवृत्तात जसाच्या तसा लिहिला. न बोलता करायच्या गोष्टींचा व्रतात उल्लेख नाही.

इथवर येताना ज्या वाचकांना गादीचीच काळजी वाटली, त्यांनी संकोच करू नये. मंडळात जागा रिकाम्या आहेत. ज्यांना वाटली नाही, त्यांनाही प्रवेश आहे. दोरी दिसली की आपणही थांबताच ना?

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी चर्चमध्ये सकाळची मिस्सा, म्हणजे आमची उपासना, ऐकली, जपमाळ पर्समध्ये ठेवली, खुंटीवरची डब्याची किल्ली काढली आणि मिस्टर अॅम्सबरींना आणायला निघाले.