सासुरवाडीच्या दाराला तेल

मी सुतार माणूस. दारं-खिडक्या बसवण्यात हयात गेली. लग्न झालं परदेशातल्या मुलीशी. सासुरवाडीला पहिल्यांदा निघालो तेव्हा मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "तुझ्या बाबांना आठवड्यात खिशात टाकतो, बघच तू! भाषा येत नसली म्हणून काय झालं? माझे हात बोलतात."

"हात जरा कमीच बोलू देत," बायको म्हणाली.

पण ऐकतो कोण!

सासरे एकदम घुमा माणूस. घर अरुंद, खाली स्वयंपाकघर आणि त्यांची खोली, वर माळ्यावर आमची. गुडघ्यांमुळे ते वर चढत नसत. त्यांनी मला चांगली खुर्ची दिली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. मला सारखं वाटायचं, हे मनात म्हणत असणार, 'ह्यानेच माझी पोर इतक्या लांब नेली!' ते काही खोटं नव्हतं. म्हणून तर मला त्यांचं मन जिंकायचंच होतं.

आणि संधी दारातच उभी होती. घराचं पुढचं दार उघडताना असं विव्हळायचं, जणू कोणी त्याची दाढ उपटतंय. दुसऱ्या दिवशी दुपारी बायको शाळेतल्या जुन्या बाईंना भेटायला गेली आणि सासऱ्यांचा डोळा लागला. मी बिजागऱ्या उतरवल्या, घासल्या, त्यांना पोटभर तेल पाजलं. दार असं फिरू लागलं की त्याचं त्यालाही कळू नये!

तासाभरात बायको आली. डोकं दुखतंय म्हणाली, बंद पडलेला फोन चार्जिंगला लावला आणि माळ्यावर जाऊन झोपली. मी खाली शाबासकीची वाट बघत बसलो.

शाबासकी राहिली बाजूला, माणसंच यायला लागली. सासरे उठले, घड्याळाकडे बघू लागले, मग त्यांनी फोन लावले. बायकोचे मामा टॅक्सी घेऊन आले, सोबत तिची बालमैत्रीण. सगळे आपसात कुजबुजायचे आणि माझ्याकडे बघून तोंडभर हसायचे. मामांनी मला दंडाला धरून टॅक्सीत बसवलं. येतानाच बायको म्हणाली होती, "माझी माणसं तुला शहर दाखवतील." म्हटलं, हेच ते! तिला कशाला उठवा, झोपू दे बिचारीला.

आधी शाळा दाखवली. बंद होती. मी कुलपाचा फोटो काढला. मग नदीवरचा पूल. मामा कठड्यावरून वाकून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मीही वाकलो आणि 'छान आहे' म्हणून अंगठा दाखवला, तर मैत्रीण हुंदके द्यायला लागली. गावावर प्रेम असावं ते असं! मग इस्पितळ. आता इस्पितळाचा अभिमान असतो एखाद्याला. तिथली दारं खरोखरच सुरेख होती, मी दोन-तीन उघडूनही पाहिली.

मग पोलीस चौकी. मी एका जाडजूड हवालदाराशेजारी उभा राहिलो आणि मामांना फोटो काढायची खूण केली. मामांनी खिशातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. माझ्या बायकोचा!

मैत्रिणीने रडत खुणा केल्या. नाही, कुठेच सापडत नाही.

आत्ता कुठे माझी ट्यूब पेटली. मी घाईघाईने दोन्ही तळवे गालाखाली घेतले आणि डोळे मिटले. झोपलीय हो ती! मामा मटकन खाली बसले. शेवटी त्या भरल्या चौकीत मला मोठ्याने घोरून दाखवावं लागलं.

घरी आलो तर सासरे दारासमोर खुर्ची टाकून बसलेले. दार उघडलं, आवाज नाही, ते दचकलेच. तेवढ्यात माळ्यावरून बायको जांभई देत उतरली. "मला टाकून कुठे भटकून आलात सगळे?"

सासऱ्यांनी तिला पोटाशी धरलं आणि लहान मुलासारखे रडले. मग उठून त्यांनी दार पुढेमागे करून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून खिशातली तेलाची बुधली काढली.

"आई गेल्यापासून ते दाराच्या आवाजावरून घरात कोण आलं ते ओळखतात," बायको मला सांगू लागली. "मी अर्धं दार उघडून आधी बूट काढते, मग आत येते. त्यामुळे माझं दार दोनदा वाजतं. इतक्या वर्षांनी काल ते त्यांनी ऐकलं आणि गाढ झोपले."

दार वाजलं नाही म्हणजे कोणी आलं नाही, हा त्या घरातला कायदा. वर जाऊन बघायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. मला मात्र काही सांगायचं नाही, असं सासऱ्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. परक्या गावात पोरगा घाबरेल म्हणून. 'पोरगा' म्हणाले मला!

करायला गेलो गणपती, झाला मारुती. आता मारुतीचा पुन्हा गणपती करणं आलं. मी बिजागऱ्या उतरवल्या, रॉकेलने धुतल्या, मिठाच्या पाण्यात बुडवल्या, आणि उन्हात वाळवल्या. आयुष्यभर दारांची कुरकुर घालवणारा मी, एका दाराच्या विनवण्या करत होतो की बाबा रे, रड एकदाचं! सासरे शेजारी स्टूल टाकून बसायचे, दार हलवायचे आणि नकारार्थी मान हलवायचे. निघायच्या आदल्या दिवशी ते विव्हळलं. सासऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

त्या संध्याकाळी मी कोपऱ्यावरून पाव घेऊन आलो. बिजागरीला धक्का नको म्हणून दार हळूहळू, जपून उघडलं, तर ते लांबच लांब विव्हळलं. आतून सासऱ्यांचा आवाज आला आणि बायको खो खो हसायला लागली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, जावई आला. कशाला हात लावू नकोस म्हणावं त्याला."