नाना, मोटार आणि सातवा महिना

धुळ्याला आमच्या शेजारी राहणारे नाना कोणी भेटलं तर "कसे आहात?" असं विचारत नसत. समोरच्याच्या सदऱ्याचं टोक दोन बोटांत धरून चोळत आणि म्हणत, "धागा आखूड शे." पाहुणा नवा असला तर गोरामोरा व्हायचा. जुने लोक हसून सदरा सोडवून घ्यायचे.

मुलांनो, नाना एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचे. गाडी आली की मूठभर कापूस घ्यायचा, चोळायचा, ओढायचा आणि निकाल सांगायचा. त्यांची बोटं चुकत नसत, म्हणून जगातली कुठलीही गोष्ट चोळून कळते असं त्यांचं ठाम मत झालं होतं. त्यांच्या बोलण्यातलं 'शे' म्हणजे 'आहे' आणि 'बठ्ठं' म्हणजे 'सगळं'. एवढे दोन शब्द लक्षात ठेवलेत की नाना तुम्हाला समजतील.

त्यांना एकच मुलगी, इंदू. तिच्या जन्माच्या वेळी बायको गेली, एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्याविषयी ते बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू. इंदूला त्यांनी एकट्याने वाढवलं, शिरपूरला दिली. तिला दिवस गेल्याचं पत्र आलं, तेव्हा नानांनी जिनिंगच्या मागे पडून असलेली मालकांची जुनी मोटार मागून आणली. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि मुलीला आणायचं ते सातव्या महिन्यात. आठव्यात प्रवास करायचा नाही, अशी आमच्याकडे पद्धत होती.

"अहो, एस.टी. आहे की," तुमचे आजोबा म्हणाले.

"एस.टी. नको, भाऊ," नाना म्हणाले आणि लगेच आजोबांचा सदरा चोळायला लागले.

मला वाटलं, व्याह्यांपुढे थाट करायचा असेल.

मोटारीच्या इंजिनाखाली तेलाचा थोडा ओलावा दिसायचा. कोणीही दुर्लक्ष केलं असतं. नानांनी ओसरीवर सतरंजी पसरली, इंजिन उघडलं, खालचं पॅकिंग बदललं आणि चार दिवसांनी सगळं परत जोडलं. एकही बोल्ट उरला नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. मोटार सुरू झाली आणि पूर्वी जिथे ओलावा होता, तिथे धार लागली.

"इंजिन बठ्ठं ठीक शे, वहिनी," नाना मला म्हणाले. "फक्त तेल राहत नही."

मग निदान सुरू झालं. नानांनी इंजिन पुसून लख्ख केलं आणि प्रत्येक सांध्यावर कापसाचा एकेक बोळा चिकटवला. जो बोळा काळा होईल तिथे गळती. पद्धत चांगली होती. पण पाच मिनिटांत सगळेच बोळे काळे झाले. नानांनी तेल चिमटीत धरून चोळलं. "पातळ शे." दाट तेल घातलं, तेही गळलं. बोल्ट आवळले, तर जास्तच गळलं. आमच्या फाटकापुढच्या रांगोळीत रोज एक काळा ठिपका वाढायला लागला. तो मी काढलेला नसे.

एका रविवारी नाना मोटार तपासायला म्हणून सोनगीरपर्यंत गेले. येताना मोटार कापसाच्या बैलगाडीमागे दोराने बांधलेली होती आणि नाना आत ताठ बसून स्टिअरिंग फिरवत होते.

"नाना," गाडीवान म्हणाला, "तुमनी मोटार पाहीसन मना बैल बी तेल मांगतीन!"

"तू पुढे पाह्य," नाना म्हणाले. "तुना कापूस ओला शे."

त्याच आठवड्यात शिरपूरहून व्याह्यांचं पत्र आलं. सातवा संपायला आठ दिवस उरले आहेत, एस.टी.ने न्या, नाहीतर बाळंतपण इकडेच होऊ द्या. नानांनी ते पत्र मला दाखवलं. त्या दिवशी त्यांनी कोणाचाही सदरा चोळला नाही. दुपारी मोटारीबरोबर मिळालेलं इंग्रजी पुस्तक घेऊन आले.

"वहिनी, गळतीनं पान वाचा."

"मी पुस्तक पहिल्या पानापासून वाचते, नाना."

"आठ दिवस उरेल शेत!"

"मग बोलू नका."

मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. नाना मान हलवत होते, पायाच्या अंगठ्याने ओसरी उकरत होते. अकराव्या पानावर एका नळीची माहिती होती. इंजिनाच्या पोटातली वाफ तिच्यातून बाहेर पडते. ती नळी बुजली तर आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या सांध्यातून बाहेर येतं. धुळीच्या प्रदेशात तिच्याकडे विशेष लक्ष द्यावं.

नानांचा अंगठा थांबला.

"नाना, अशी नळी आहे का आपल्या इंजिनाला?"

"शे ना." त्यांनी पाय आखडून घेतले. "तिन्हामा मी इंजिन जोडताना कापूस घालेल शे. धूळ नको जावाले म्हनीसन."

"घट्ट?"

"एकदम घट्ट. लांब धाग्याना. एक नंबर."

तुमचे आजोबा आतल्या खोलीत इतके हसले की त्यांना ठसका लागला. नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी जाऊन बोटाने तो कापूस काढला, इंजिन चालू केलं आणि कोरड्या फरशीकडे तासभर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मुलीला आणायला घरातली बाई लागते, म्हणून मी बरोबर. जाताना नाना अखंड बोलत होते. येताना इंदू मागे माझ्याशेजारी, दोन्ही बाजूंना उशा, आणि नानांचं सगळं लक्ष रस्त्यावर. मोटार बैलगाडीच्या चालीने चाललेली. तापीचा पूल गेला. नरडाणा गेलं. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि वळून हसला.

"नाना, तेल गळत नाही आता," मी म्हटलं. "जरा जोरात घ्या, जेवणाची वेळ टळली."

प्रत्येक खड्ड्याआधी ब्रेक, आणि खड्डा पार झाला की आरशातून इंदूकडे एक नजर.

सोनगीर मागे पडल्यावर एका वळणावर मोठं कडुलिंबाचं झाड आलं. तिथे नानांनी वेग आणखी कमी केला.

"वहिनी," पुढे बघतच ते म्हणाले, आणि नेहमीची बोली सोडून अगदी पुस्तकी मराठीत म्हणाले, "इंदूच्या आईला गावाहून धुळ्याच्या दवाखान्यात नेत होतो. बैलगाडीतून. हादरे फार बसत होते. इथपर्यंत आलो होतो."

इंदूचा हात माझ्या हातात होता. तिने तो घट्ट दाबला.

"नाना, तुम्ही मला कधी सांगितलं नाही," ती म्हणाली.

झाडाची सावली मोटारीवरून सरकत गेली. ते झाड आरशात दिसेनासं होईपर्यंत आम्ही तसेच हळूहळू चाललो होतो. मग नानांनी शिरपूर सोडल्यापासून पहिल्यांदाच टॉप गिअर टाकला आणि विचारलं,

"इंदू, भूक लागनी का तुले?"