खांबेटेकाका आणि आमचं म्हातारपण

माणसं एकमेकांना भेटली की ‘काय, कसं काय’ विचारतात. आमचे खांबेटेकाका ‘भरताय ना?’ विचारतात.

सिंगापुरातल्या या कॉन्डोत आम्ही राहायला आलो, त्याच दिवशी लिफ्टमध्ये हा प्रश्न माझ्या अंगावर आला. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि काखेत झाडू. मी फोनवर नवऱ्याशी मराठीत बोलत होते, ते ऐकून शेजारी उभ्या असलेल्या उंच, किडकिडीत गृहस्थांनी चष्मा सावरला आणि फोन ठेवायची वाटही न पाहता विचारलं, “पुण्याच्या? वा! भरताय ना?”

मला वाटलं, फ्रिजबद्दल विचारताहेत. म्हटलं, “हो, हे काय, दूध आणि भाजी घेऊन आले.”

“दूध नासतं हो,” ते माझ्याकडे करुणेनं पाहत म्हणाले. “मी पेन्शनचं विचारतोय. तिकडची पेन्शन भरताय ना?”

नवव्या मजल्यावर मी उतरले. काका अकराव्यावर राहायचे, तरी माझ्याबरोबर उतरले. दूध खरंच नासायच्या बेतात आलं तेव्हा परत लिफ्टमध्ये चढले.

परदेशात राहणाऱ्या माणसानं मायदेशाच्या सरकारी पेन्शन योजनेत पैसे भरत राहावं की नाही, हा प्रश्न बहुतेकांना पडत नाही. ज्यांना पडतो ते आपलं उत्तर शोधतात आणि गप्प बसतात. काकांना मात्र हा प्रश्न सर्वांच्या वतीनं पडला होता आणि उत्तरही त्यांनी सर्वांच्या वतीनं काढून ठेवलं होतं. आमच्या ब्लॉकमधल्या मराठी मंडळींच्या तब्येती उत्तम आहेत. काका लिफ्टपाशी दिसले की सगळे जिन्यानं जातात.

जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी. सकाळी कंपनीच्या बसनं जायचं, गेटवर पास दाखवायचा आणि दिवसभर काय फुटेल, काय गळेल, काय पेट घेईल याची काळजी करत बसायचं. याचा त्यांना पगार मिळे. संध्याकाळी परत आले की तेच काम ते आमच्यासाठी फुकट करत.

“आपण इथे कोण?” ते विचारत. समोरच्यानं उत्तर द्यायचं नसे. “आपण पासवाले, नोकरी आहे तोवर राहायची परवानगी. इथला भविष्य निर्वाह निधी कोणाला? नागरिकांना आणि पीआरवाल्यांना, म्हणजे कायम राहायचा परवाना मिळालेल्यांना. आपल्याला काय? महिन्याला पगार आणि शेवटी रामराम. नोकरी संपली की पास संपला, पास संपला की विमानतळ. मग तिकडे जाऊन खाणार काय? क्रूझवरचे फोटो?”

हे सगळं ते पहिल्या वर्षी ऐकवत तेव्हा मी मान डोलवायची. नंतर नंतर मी ‘बघू, काका’ म्हणायला शिकले.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, लोक हातातली फुलं वाहून प्रसादाच्या ताटाकडे वळले, तर ताटासमोर काका उभे. “दोनच मिनिटं,” म्हणाले. मोदक मिळाल्याशिवाय मराठी माणूस हलत नाही, हे त्यांनी हेरून ठेवलेलं. महागाई, आयुर्मान, औषधांचे वाढते भाव, सगळं झालं. मोदक गार झाले. पाया लेबारच्या माझ्या ऑफिसातली एक तामीळ मैत्रीण आली होती, तिला वाटलं हा पूजेचाच भाग आहे. ती शेवटपर्यंत हात जोडून उभी होती.

पण या सगळ्याचा कळस झाला तो नोव्हेनाच्या हॉस्पिटलात. माझ्या नवऱ्याचं, समीरचं, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. काका भेटायला आले. सफरचंदं आणली होती, चौकशीही नीट केली. मग सलाईनच्या नळीकडे बराच वेळ टक लावून पाहत राहिले.

“बघ समीर,” म्हणाले, “थेंब थेंब. असंच भरायचं असतं.”

समीरला हसू आलं आणि हसल्यामुळे टाके दुखले. तशाही अवस्थेत त्यानं वाद घातलाच. “काका, साठीपर्यंत पैसे अडकवून ठेवायचे? त्यापेक्षा मी इथे शेअर्समध्ये टाकीन, पाहिजे तेव्हा काढीन.”

“अडकायलाच पाहिजेत!” काका म्हणाले. “सुटे पैसे आणि सुटी माणसं, दोन्ही घरी परत येत नाहीत.”

नर्सनं त्यांना बाहेर काढलं, पण त्याआधी त्यांनी तिलाही विचारून घेतलं. ती फिलिपिन्सची होती आणि तिकडची पेन्शन भरत होती. काका तिच्याकडे असे पाहत राहिले, जणू हीच आपली हरवलेली मुलगी.

नीलिमाकाकू या सगळ्याला ‘यांचा कार्यक्रम’ म्हणत. “यांचा कार्यक्रम चाललाय, संपला की चहा टाकते.” आमची लेक ईरा तर काकांची नक्कल करायची. एकदा त्यांनी तिला विचारलं, मोठेपणी कोण होणार? ती म्हणाली, बॅडमिंटन खेळणार. “आणि त्यानंतर?” “Then retire lah, uncle.” काका इतके खूश झाले! “या घरात एकटीच विचार करते,” असं त्यांनी मला सुनावलं.

यंदा आमचं पीआर झालं.

रविवारी सकाळी हॉकर सेंटरवर, खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, काका-काकू कोपी म्हणजे इथली कॉफी प्यायला येतात, तिथेच त्यांना सांगितलं. समीरनं आधीच मला बजावलं होतं, “आता दीड तास गेला समज.” मीही तयारीत होते. पीआर झालं की इथल्या निधीचे पैसे पगारातून सक्तीनं कापले जातात. म्हणजे काकांचा मुद्दाच निकालात निघाला, आता तरी सुटका, असं मला मनातून वाटत होतं.

काकांनी कप खाली ठेवला. “झालं का?” म्हणाले. “छान. अभिनंदन.” थोड्या वेळानं म्हणाले, “म्हणजे ईरा इथेच.” आणि कोपी अर्धी टाकून उठले.

दीड तास वाचला. समीर खूश झाला.

पुढचे काही रविवार काका हॉकर सेंटरवर आले नाहीत. लिफ्टमध्ये भेटले तेव्हा म्हणाले, “गरम होतंय.” सिंगापुरात ‘गरम होतंय’ म्हणणं म्हणजे काहीच न बोलणं. मला त्या दिवशी लिफ्ट फार हळू वाटली.

शेवटी शनिवारी मटारच्या करंज्या केल्या आणि डबा घेऊन अकराव्या मजल्यावर गेले. काका बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते. काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

“काकू, काका रागावलेत का आमच्यावर?”

“रागावतील कशाला? तू बस.” त्यांनी गॅस लावला. “गेल्या वर्षी आम्ही पुण्याला गेलो होतो ना, ते काही लग्नकार्याला नव्हे. हे म्हणाले, कारखान्यात आगीची ड्रिल करतो, तशी आपण रिटायरमेंटची ड्रिल करू. दोन महिने राहून बघू. रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सोसायटीच्या बागेत जाऊन बसायचे. यांच्या वयाची निम्मी माणसं मुलांकडे अमेरिकेत. उरलेली घराबाहेर पडत नाहीत. वॉचमन होता, तो फोनमध्ये. पंधरा दिवसांत म्हणाले, नीलिमा, चल परत, इथे धूळ फार आहे.”

“मग?”

“मग काय, इथे आल्यापासून जोर वाढला. आधी खरंच पैशांचंच सांगायचे गं. पण आता यांच्या डोक्यात बसलंय, की जो तिकडे भरेल तो तिकडे येईल. आमचा मुलगा कॅनडात, तो तिकडचंच भरतो. त्याचं यांनी सोडूनच दिलंय.” काकूंनी आवाज खाली आणला. “पुण्यात आमच्या समोरचा फ्लॅट विकायला निघाला, तर एजंटला फोन करून काय सांगितलं माहितीये? जरा थांबा, आमची माणसं यायची आहेत सिंगापूरहून. मी विचारलं, कोण हो? तर म्हणाले, मुग्धा आणि समीर. ‘बघू’ म्हणालेत.”

चहा उतू गेला. तो दोघींनी मिळून पुसला.

काका आत आले. मला पाहून जरा चपापले. मग करंजी घेतली, चांगली झालीय म्हणाले आणि खिडकीकडे बघत खात राहिले. मला राहवलं नाही.

“काका, पीआर झालं तरी तिकडची पेन्शन भरता येते का हो?”

“येते की!” ते एकदम ताठ बसले. “पासपोर्ट आपला आहे तोवर खुशाल भरता येते. त्याचं असं आहे...” आणि मध्येच थांबले. हातातल्या करंजीकडे बघत बसले. त्यांना बोलता बोलता थांबताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

“भरता येते,” ते सावकाश म्हणाले. “पण तू नको भरू. पोरीची शाळा इथे, मित्रमंडळी इथे. ती काही तिकडे येणार नाही, आणि तिला सोडून तू येणार नाहीस. तुझं म्हातारपण इथलं आहे. इथेच भर.”

“आणि तुम्ही?”

“आमचा पास नोकरीपुरता. पुढच्या वर्षी नोकरी संपेल, मग जायचंच. आमची सोय आहे ना तिकडे, व्यवस्थित आहे.”

मी डबा उचलला आणि उगाच म्हटलं, “येते मग.”

“निघालीस?” काका म्हणाले. “बस की जरा. पेन्शनचं नाही काढत. दुसरं काहीतरी बोलू.”

मी डबा खाली ठेवला आणि बसले. काका चष्मा पुसू लागले. दुसरा विषय काही त्यांना पटकन सापडेना. मला घाई नव्हती.