नागनाथअण्णांचा टर्बो

नागनाथअण्णा गाडी थांबायच्या आधीच इंजिन बंद करायचे. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आली की चावी फिरवायची आणि तिथून पुढं गाडी घरंगळत दारात आणायची. कधी ती त्यांच्या दारात यायची, कधी आमच्याच दारात थांबायची. मग उरलेलं अंतर गल्लीतल्या माणसांनी ढकलायचं. अण्णा आत स्टिअरिंग धरून बसायचे आणि वर सांगायचे, "गिरनीपासनं घरापतोर फुकाट आलो बगा. वाया कशाला घालवायचं?" ढकलणाऱ्यांच्या घामाचं कुणी नाव काढायचं नाही.

सगळ्याच बाबतीत ही तऱ्हा. पंखा जरा लवकरच बंद करायचा, कारण बंद केल्यावर तो ज्या फेऱ्या मारतो तो वारा फुकट असतो. दूध वर यायला लागलं की स्टोव्ह विझवायचा, राहिलेली उकळी पातेल्याच्या तापानं येऊ द्यायची. ती कधी यायची नाही आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात दूध दुपारपर्यंत नासायचं. नासलं की त्याचं काहीतरी गोड करायला सांगायचे, आणि साखर घालताना शेजारी उभे राहून बघायचे. एका मिलमध्ये त्यांनी जन्मभर स्टोअर सांभाळलं होतं. मिलमधून ते निवृत्त झाले, पण स्टोअर काही त्यांच्या डोक्यातून निवृत्त झालं नाही.

मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहायची. मुलींच्या शाळेत शिकवत होते, म्हणून सगळी गल्ली मला बाई म्हणायची. अण्णांचा मला राग होता, हे आधीच सांगून टाकते. तो राग गोदाक्कामुळं होता.

गोदाक्का त्यांची बायको. माझ्या बाळंतपणात माहेरचं कुणी येऊ शकलं नाही तेव्हा या बाईनं माझं सगळं केलं, आणि त्याचा कधी उच्चार केला नाही. तिचं माहेर सोलापूरशेजारच्या होटगीचं, तिथं तिची म्हातारी आई. एका दुपारी होटगीहून सायकलवर माणूस आला. म्हणाला, म्हातारीचं काही खरं नाही, असाल तसे निघा. होटगी काही समुद्रापलीकडं नाही. कोपऱ्यावर टॅक्सी उभी होती. अण्णा म्हणाले, "संद्याकाळची पाशिंजर हाय की. तेवड्यात काय हुतंय? टॅक्सी कशाला वाया घालवायची?"

पॅसेंजर त्या दिवशी उशिरा आली. गोदाक्का पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. म्हातारी शेवटपर्यंत विचारत होती म्हणे, गोदी निघाली का.

गोदाक्का भांडली नाही. दिवसपाणी करून घरी आली, दोन महिने अण्णांना न बोलता भाकरी वाढली, आणि एका सकाळी ट्रंक भरून श्रीपूरला मुलाकडं गेली. मुलगा तिथल्या साखर कारखान्यात होता. निघताना दारात अण्णांना एवढंच म्हणाली, "पाशिंजरची वाट बगनाऱ्या मानसाबरूबर मला ऱ्हायचं न्हाय."

अण्णांनी याचा अर्थ काय लावावा? त्यांनी गाडी घेतली. गोदाक्काला गाडीत बसवून घरी आणायचं, या एका गोष्टीवर ते हटून बसले. बैल गेला नि झोपा केला, असं गल्ली म्हणाली. मीही म्हणाले, आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

गाडी म्हणजे कुणा जहागीरदाराची लांबलचक जुनी अमेरिकन गाडी. ती शेडमध्ये पडून होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. अण्णांनी कोंबड्या काढल्या, वास राहिला. पेट्रोल तेव्हा हात लावू नये इतकं महाग झालेलं, म्हणून पेट्रोलचं इंजिन काढून जुन्या टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. एवढं थोरलं धूड आणि एवढंसं इंजिन. गाडी चालायला लागली की मागून बैलगाडीवाला "सरका की मालक" म्हणायचा. मग अण्णांनी भंगार बाजारातून टर्बो आणला. धरणाच्या कामावरच्या कुठल्याशा परदेशी यंत्राचा होता तो.

टर्बो म्हणजे काय, हे त्यांनी सगळ्या गल्लीला उभं करून सांगितलं. "इंजिनाचा धूर वाया जातो का न्हाय? त्यो धूर हितं एक पंका फिरवतो. त्यो पंका इंजिनात जादा हवा कोंबतो. म्हंजी धुरावर गाडी पळती. फुकाट." हे सांगताना त्यांच्या तोंडावर जे समाधान असायचं ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. आणि खरंच गाडी पळायला लागली. शिट्टी घालत पळायची.

पहिल्या खेपेला ते श्रीपूरला निघाले, वाटेत मोहोळला चहाला थांबले, आणि थांबताक्षणी चावी फिरवली. पुढं काही मैलांवर शिट्टीची किंकाळी झाली, निळ्या धुराचा लोट निघाला, टर्बो गेला. ऊस टाकून मोकळ्या परतणाऱ्या एका गाडीवानानं आपल्या बैलांकडून गाडी मोहोळपर्यंत ओढून आणली.

मेकॅनिक रशीदभाईंनी टर्बो उघडला आणि सांगितलं, "अण्णा, ये पंखा लाल होके फिरता. इंजिन बंद किये तो उसका तेल बंद, पन पंखा फिरताच रहता. जलेगा नै तो क्या? गाडी खडी करके दो मिनट इंजिन चलने दो, बाद में बंद करो."

"उबं ऱ्हाऊन इंजिन चालवायचं? कशापायी?"

"टर्बो के वास्ते."

"म्हंजी फुकाटचं डिझेल जाळायचं."

तरी त्यांनी कबूल केलं. पण जित्याची खोड. दुसऱ्या खेपेला रेल्वेचं फाटक बंद मिळालं आणि हात आपोआप चावीवर गेला. टर्बो गेला. रशीदभाईंनी कपाळाला हात लावून पुन्हा दुरुस्त केला. तो टर्बो काढून टाका, गाडी हळू का होईना चालेल, असं जो तो सांगायचा. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, असंही सांगून झालं. अण्णा ऐकायचे नाहीत. मला वाटायचं, फुकटच्या धुराचा मोह सुटत नाही, दुसरं काय.

तिसऱ्या खेपेला श्रीपूरची धुराडी दिसायला लागली होती. वळणावर उसाच्या गाड्या अडकलेल्या. अण्णांनी चावी फिरवली. वाट मोकळी झाल्यावर गाडी सुरू केली तर निळा धूर. तिथून मुलाचं घर चालत दहा मिनिटांचंसुद्धा नव्हतं. अण्णा गेले नाहीत. एका ट्रॅक्टरला गाडी बांधून परत आले.

मी विचारलं, "चालत का गेला नाहीत?"

"चालत गेलो आस्तो तर गाडी आनली न्हाय असं झालं आस्तं की," ते म्हणाले. अशा माणसाला काय बोलायचं?

चौथ्या खेपेला निघायच्या आधी ते माझ्याकडं आले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. "बाई, तुमी चला संगट. तुमचं ती ऐकंल." मी नाही म्हणणार होते. पण गोदाक्काला बघून फार दिवस झाले होते. आमचे हे म्हणाले, जा, पण परत यायला एसटीचे पैसे जवळ ठेव.

रशीदभाईंनी निघताना मला बजावलं, "बाई, इनके हात पे ध्यान रखो." मी शाळेतली लाकडी फूटपट्टी बरोबर घेतली आणि पुढच्या सीटवर बसले. मोहोळला चहासाठी थांबलो, अण्णांचा हात चावीकडं गेला, मी पट्टी मारली. फाटकात पुन्हा मारली. साठीचा माणूस, पण शाळेतल्या पोरीसारखा हात मागं घ्यायचा आणि उभ्या गाडीचं इंजिन चालताना ऐकून तोंड कडू करायचा. मला हसू यायचं आणि हसल्याचा रागही यायचा.

फाटक सोडल्यावर मी म्हटलं, "अण्णा, एवढ्या यातना कशाला? तो टर्बो काढून टाका की. हळूहळू जाऊ, घाई कुणाला आहे?"

त्यांनी गिअर बदलला. मग रस्त्याकडं बघतच म्हणाले, "हळू एकदा गेलो की बाई."

त्यानंतर मी पट्टी मांडीवर ठेवली. एवढी वर्षं मी त्यांना कवडीचुंबक म्हणत आले, आणि ते खोटं नव्हतं. पण टर्बो त्यांनी फुकटच्या धुरासाठी ठेवला नव्हता.

श्रीपूरला दारात पोचलो. गोदाक्का पायरीवर ज्वारी निवडत बसली होती. वाळली होती, पण हसली तशीच. मी तिच्याकडं बघत राहिले, तेवढ्यात इंजिन बंद झाल्याचं कळलं. माझी पट्टी मांडीवरच राहिली.

अण्णा उतरून म्हणाले, "गाडी आनली."

"दिसली," गोदाक्का म्हणाली. तिनं मला आत बसवलं, चहा ठेवला. मुलगा कामावर, सून नातवाला घेऊन दवाखान्यात गेलेली. अण्णा दारातच उभे. चहा त्यांच्या हातात देताना ती म्हणाली, "मागल्या बारीला वळनावर गाडी हुबी हुती न्हवं? निळा धूर निगत हुता. म्या हितनं बगत हुते. तव्यावर भाकरी तशीच. म्हनलं, आता येतील चालत. तुमी गाडीभवती फिरला आनि माघारी गेला."

"गाडीतनंच न्यायचं ठरिवलं हुतं," अण्णा म्हणाले.

"म्या गाडी कुटं मागितली हुती? त्या दिशी चालत आला आस्ता तर म्या उटून आले आस्ते. चपला बी घातल्या न्हवत्या म्या, तशीच आले आस्ते."

अण्णांच्या हातातला चहा तसाच राहिला. मी खाली बघत होते, कारण वर कुणाकडं बघायची सोय नव्हती.

"आता न्हाय यायची मी," ती म्हणाली. "राग म्हनून न्हाय. हितं रुळले. पन एक करा. एकदा मला होटगीला न्या. तुमच्या गाडीनं आईच्या दारात न्हेऊन सोडा. तितनं मला एसटीवर सोडा, मी माजी माजी माघारी येईन."

शेजारणीला निरोप सांगून ती मागच्या सीटवर बसली. सोलापूर येईपर्यंत अण्णा इतकी भरधाव गाडी चालवत होते की मी देवाचं नाव घेत होते. शहर ओलांडून होटगी रस्त्याला लागलो आणि शिट्टीची किंकाळी झाली. श्रीपूरच्या दारात चावी फिरवली होती, ती उशिरानं भोवली. निळा धूर आत शिरला. अण्णांनी पाय आणखी दाबला. गाडी मात्र हळूच होत गेली. एक सायकलवाला आम्हाला ओलांडून पुढं गेला. अण्णा दात ओठ खाऊन स्टिअरिंगवर वाकले होते.

मागून गोदाक्का म्हणाली, "दमानं चालवा. आता कुनाला गाटायचंय?"

होटगीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. म्हातारीच्या घरात रेल्वेतलं कुणी भाड्यानं राहायला आलं होतं. एक बाई दारात आली. कडेवर लेकरू. "कोन पायजे?" तिनं विचारलं.

अण्णा पुढं झाले. बायकोपुढं, मुलापुढं, माझ्यापुढं या माणसानं कधी मान खाली घातली नव्हती. त्या अनोळखी बाईपुढं त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "यायला लई उशीर झाला."

तिनं धुराकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. "गाडी बिगडली व्हय? बसा की, पानी आनते."

तिनं तांब्या भरून आणला. तो गोदाक्कानं घेतला. मरणाऱ्याच्या तोंडात लेकीच्या हातचं पाणी पडावं, एवढंच म्हातारीचं मागणं असणार, आणि तेवढंच राहिलं होतं. गोदाक्का पायरीखाली वाकली आणि मातीत थोडं पाणी सोडलं. मग उरलेला तांब्या तिनं अण्णांपुढं धरला.

"तुमी बी सोडा," ती म्हणाली.

अण्णांनी सोडलं. पाणी मातीत जिरेपर्यंत ते तसेच वाकून उभे होते. घरातल्या बाईला काही कळलं नाही. ती पोराला पदराखाली घेऊन बघत राहिली.

रडतखडत आम्ही सोलापूरच्या स्टँडवर आलो. अण्णा फाटकाबाहेर गाडीजवळ थांबले, आत आले नाहीत. गोदाक्कानं त्यांना काही सांगितलं नाही. मला मात्र म्हणाली, "आज तुमच्यात जेवू घाला त्यानला." एवढं बोलून ती एसटीत चढली. एसटी सुटल्यावर मी बाहेर आले.

"बाई," अण्णा म्हणाले, "खिडकी मिळाली का वो तिला?"

मिळाली, असं मी सांगितलं. एसटी खच्चून भरली होती आणि गोदाक्का दांडीला धरून उभी होती.